चादरीच्या दोन बाजू

हिल्डा डिमेलोला तो अपघात अगदी स्पष्ट आठवत होता. मावळतीचा उजेड, बावखलाच्या पाण्यावर लांबलेल्या माडांच्या सावल्या, रहाटाचा लाकडी दांडा सुटून गरकन मागे फिरला तो क्षण, आणि गुडघा धरून कोसळलेला धर्मा. हे सारे तिला उंचावरून दिसे, माडाच्या शेंड्यावर बसून पाहावे तसे. अडचण एवढीच होती की त्या संध्याकाळी ती नंदाखालमध्ये नव्हती. अंगावर गोवर उठला म्हणून बारा वर्षांच्या हिल्डाला नायगावला आत्याकडे ठेवले होते, आणि अपघाताची बातमी तिथे पोचली ती दुसऱ्या दिवशी, मासळी घेऊन येणाऱ्या बायजाच्या तोंडून.

पुढे पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून ती वसईच्या एका कॉलेजात शिकवू लागली, तेव्हा या आठवणीचा तिला प्रथम त्रास आणि मग उपयोग वाटू लागला. जे आपण पाहिलेच नाही ते जर इतके नीट आठवत असेल, तर ज्यांनी पाहिले असे गाव मानते त्यांच्या आठवणीला किती वजन द्यावे, हा पुढचा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता.

प्रश्न तिच्या वडिलांचा होता.

सन बासष्टमध्ये त्यांच्या वाडीतल्या चार घरांत मिळून एक रहाट होता. बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे. त्याच्या काठावर रहाट, रहाटाला रेडा, आणि ज्याची पाळी त्याच्या केळींना पाणी, असा रिवाज. भरलेल्या लोट्यांची माळ आपल्याच वजनाने मागे ओढली जाऊ नये म्हणून रहाटाला एक लाकडी अडसर असे. एखादा लोटा अडकला तर अडसर उचलायचा, रेड्याला उलटा वळवून चार पावले चालवायचा, लोटा सोडवायचा आणि अडसर पुन्हा बसवायचा. हे सगळेच करत. त्या संध्याकाळी पाळी हिल्डाच्या वडिलांची, जेम्स डिमेलोंची होती. अडसर तुटला, माळ मागे धावली, सुटलेला दांडा फिरला आणि चारही घरांच्या कामाला येणाऱ्या धर्माचा गुडघा कायमचा गेला.

याची दोन कारणे संभवत होती. एक, अडसर कुजला होता. तसे असेल तर दोष तो बदलायचे दोन पावसाळे पुढे ढकलणाऱ्या चारही घरांचा. दुसरे, जेम्सनी रेडा उलटा चालवला आणि अडसर नीट बसवलाच नाही. तसे असेल तर दोष एकाचा. त्या चार घरांपैकीच शेजारच्या घरातील मॅग्डलीन रुमाव त्या वेळी क्रूसाजवळच्या पायवाटेवरून येत होत्या. त्यांनी रेडा उलटा चालताना पाहिला होता. मॅग्डलीन मावशी खोटे बोलणाऱ्या नव्हत्या, हे सगळ्यांना माहीत होते आणि ते खरेही होते. तेव्हा गावाने दुसरे कारण स्वीकारले. जेम्सनी एकदाच सांगितले की रेडा सुलटा होता. मग तो विषय सोडून दिला. त्यांची पाळी बंद झाली आणि ‘रहाटमोड्या’ हे नाव चिकटले. पुढे विजेचे पंप आले, रहाट मोडीत निघाला, नाव मात्र राहिले.

चित्रपटाची कल्पना वर्गात सुचली. गोल फिरणाऱ्या वस्तूची नुसती सावली पाहून ती कोणत्या दिशेने फिरते हे सांगता येत नाही, हे दाखवण्यासाठी हिल्डा दरवर्षी ग्रामोफोनच्या तबकडीवर पुठ्ठ्याचा एक घोडा उभा करी आणि दूर ठेवलेल्या दिव्याने त्याची सावली भिंतीवर पाडी. घोडा डावीकडून उजवीकडे जाताना दिसे. पण तो वर्तुळाच्या अलीकडच्या अंगाने जातो आहे की पलीकडच्या, हे सावली सांगत नसे. निम्मा वर्ग एक दिशा सांगे, निम्मा दुसरी, आणि दोन्ही पक्ष अगदी ठाम असत. त्या वर्षी, एक्क्याऐंशीच्या जानेवारीत, एका मुलीने विचारले की घोड्याऐवजी बैल असता तर. हिल्डा भिंतीकडे बघत राहिली. मावळत्या उन्हासमोर, पायवाटेवरून, पलीकडच्या काठावरचा रेडा कसा दिसला असेल ते तिला आता वर्गाच्या भिंतीवर दिसत होते.

मावसभाऊ इग्नेशियसने कुवेतहून आठ मिलिमीटरचा कॅमेरा आणि प्रोजेक्टर आणला होता. दोन बाप्तिस्मे टिपून दोन्ही वस्तू कपाटात विसावल्या होत्या. हिल्डाने त्या मागून घेतल्या आणि त्याला सांगितले की ती स्मरणावर चित्रपट काढणार आहे. इग्नेशियसने विचारले की हिरॉइन कोण. ‘रेडा’, असे उत्तर आल्यावर त्याने पुढे काही विचारले नाही.

तिला काय सिद्ध करायचे आहे हे तिने स्वतःला प्रथम नीट सांगून घेतले. वडील निर्दोष आहेत हे सिद्ध करता येणार नव्हते. तो पुरावा अडसराबरोबर चुलीत गेला होता. त्या उजेडात त्या जागेवरून दिशा कळणे शक्य नव्हते, एवढेच दाखवता येण्यासारखे होते. म्हणजे निकाल बदलायचा नव्हता, मागे घ्यायला लावायचा होता. वडिलांचे वय सत्तरीला टेकले होते, आणि हे त्यांच्या हयातीत व्हायला हवे होते.

नंदाखालमध्ये आता एकच रहाट उभा होता, फर्डिनंड परेरांच्या वाडीत, आणि तोही ईस्टरनंतर निघणार होता. फर्डिनंड म्हणाले की लवकर काय ते उरकून घे, लोखंड घ्यायला माणूस येऊन गेला आहे. रहाट होता, पण रहाटाला जुंपायला रेडा कोणाकडे उरला नव्हता. शेवटी एक रेडा जूचंद्रहून टेंपोतून आला. भातशेतीत मुरलेला तो प्राणी रहाटाभोवती फिरायला तयार होईना. डोळ्यांवर झापड बांधल्याशिवाय रेडा गोल चालत नाही, आणि हा रेडा कोणाला डोळ्यांपाशी हात लावू देत नव्हता. त्याच्या मालकाने प्रयत्न केला, फर्डिनंडनी केला. सूर्य खाली उतरत होता आणि हिल्डा, मॅग्डलीन मावशी जुन्या रहाटापासून होत्या तितक्याच अंतरावर, मावळत्या उन्हासमोर कॅमेरा रोखून उभी होती. कुंपणापाशी जेम्स कधी येऊन थांबले होते ते तिने पाहिले नव्हते. ते आत आले, रेड्याच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ नुसते उभे राहिले आणि मग त्यांनी झापड बांधली. हिल्डा कॅमेरा घेऊन धावली आणि तिने फक्त त्यांचे हात टिपले. हे दृश्य तिच्या आराखड्यात नव्हते.

मग रेडा एकदा सुलटा फिरला. आणि अडसर उचलून, फर्डिनंडनी माळ रिकामी आहे याची दोनदा खात्री केल्यावर, एकदा उलटा. दोन्ही वेळा कॅमेरा त्याच जागी होता आणि दोन्ही वेळा काळ्या आकृतीखेरीज काही दिसू नये अशी तिने भिंगाची झडप बारीक केली होती. त्या फिल्मची एक बाजू संपली की रीळ काढून उलटे घालावे लागे आणि त्याला उजेड चालत नसे. ते काम तिने फर्डिनंडच्या सुकेळ्यांच्या खोलीत केले. केळ्यांचा गोड वास तिच्या केसांना दोन दिवस राहिला.

उरलेल्या फिल्मवर तिने माणसे घेतली. ज्यांनी तो जुना रहाट फिरताना पाहिला होता अशा प्रत्येकाच्या मांडीवर एक उपडे ताट ठेवायचे, डोळे मिटायला सांगायचे, आणि त्या संध्याकाळी रेडा कसा फिरत होता ते ताटाच्या कडेवर बोट फिरवून दाखवायला सांगायचे. ताट मांडीवर आडवे असल्यामुळे आणि कॅमेरा थोडा वरून रोखल्यामुळे बोट कोणत्या बाजूला चालले आहे याबद्दल शंका राहत नव्हती. ज्यांनी अपघात पाहिलाच नव्हता त्यांनीही डोळे मिटून बोट फिरवले, आणि तेही तितक्याच विश्वासाने. बोटे दोन्ही दिशांनी फिरली. धर्माने मात्र ताट परत केले.

“मना काय इचारते, बाय? मी खाली वाकलेला. माज्या पाठीला डोले हायेत काय?”

साऱ्या गावात एवढे एकच विधान तिला विनातपासणी मान्य करता आले.

मॅग्डलीन मावशींनी आधी नकार दिला आणि मग होकार. नकार अशासाठी की जे एकदा सांगितले ते पुन्हा सांगायची गरज काय; होकार अशासाठी की नकार दिला तर गावाला वाटेल आता त्यांना खात्री राहिली नाही. त्यांनी शपथ घ्यावी तशी आधी क्रूसाची खूण केली, डोळे मिटले आणि ताटावर बोट उलट्या दिशेने फिरवले. एकदा नव्हे, फिल्म संपेपर्यंत. हिल्डाने ते तसेच्या तसे ठेवले. आपल्या विरोधातला पुरावा कापला तर उरलेल्यालाही किंमत राहत नाही, असे ती विद्यार्थ्यांना शिकवत असे.

फिल्म मुंबईहून धुऊन आली. हिल्डाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती कापून, चिकटपट्टीने जोडून एक सलग पट्टी केली. रेड्याच्या दोन आकृत्यांपैकी कोणती आधी लावायची ते तिने नाणे उडवून ठरवले आणि कोणाला सांगितले नाही.

फादरनी चर्चच्या मागचे अंगण दिले, विजेची तार दिली आणि रोझरी संपल्यावरची वेळ दिली. दोन माडांच्या मध्ये घरातली पांढरी चादर ताणून बांधली. समुद्रावरून वारा येत होता आणि चादरीला सारखे पोट येत होते, म्हणून खालच्या एका टोकाची दोरी जेम्सनी हातात धरली. ते माडाला टेकून उभे राहिले, चादरीच्या अगदी कडेच्या रेषेत. तिथून चित्र दिसत नाही. दिसते ती फक्त उजेडाची एक उभी फट. हिल्डाने त्यांना दोरी माडाला बांधून समोर यायला सांगितले, तेव्हा ते म्हणाले की बांधलेली दोरी वाऱ्याचे ऐकते, हातातली माणसाचे.

माणसे येऊ लागली आणि चर्चमध्ये बसतात तशीच बसली: पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या. फरक एवढाच की चर्चमध्ये दोन अंगांच्या मध्ये वाट असते आणि इथे चादर होती. प्रोजेक्टर पुरुषांच्या बाजूला होता. बायका चादरीच्या पलीकडे चटया टाकून बसल्या. त्यांना पलीकडूनही चित्र दिसणार होते, कारण कापड पातळ होते. हिल्डा फिल्म अडकवण्यात गुंतली होती. प्रकाशाचे नियम शिकवून तिची सात वर्षे गेली होती, आणि तरी अशा बसण्याने काय होईल ते तिच्या ध्यानात आले नाही.

चित्रपट सुरू झाला. वडिलांचे हात, झापड, रेड्याचा कान. मग काळी आकृती फिरू लागली आणि पुरुषांत कुजबूज झाली. कोणी म्हणाले सुलटा, कोणी म्हणाले उलटा. फर्डिनंड, ज्यांनी स्वतः रेडा हाकला होता, ते आधी एक म्हणाले आणि मग दुसरे. दुसरी आकृती आली तरी तेच. हिल्डाने श्वास सोडला. प्रयोग जमला होता.

मग मिटलेले डोळे आणि ताटावरची बोटे आली, आणि शेवटी मॅग्डलीन मावशी. चादरीच्या पलीकडे एक दबलेले हसू फुटले.

“थांबव ते,” पलीकडून मॅग्डलीन मावशींचा आवाज आला. “हिल्डा, थांबव.”

हिल्डाने यंत्र थांबवले. मावशी चादरीला वळसा घालून पुरुषांच्या बाजूला आल्या. आजवर चर्चच्या आवारात त्यांनी असे कधी केले नव्हते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या म्हणाल्या की त्यांना चित्रात डाव्या हाताने क्रूसाची खूण करताना दाखवले आहे. साऱ्या बायकांनी ते पाहिले आहे. आणि बोट त्यांनी फिरवले त्याच्या नेमके विरुद्ध फिरते आहे.

“बापाला सोडवायला माझा हात बदललास तू?” त्या म्हणाल्या. “माझा क्रूस बदललास?”

आरोप अशक्य होता आणि तरी मावशी खोटे बोलत नव्हत्या. हे दोन्ही एकाच वेळी खरे असायला हवे होते. मावशींचे पती फ्रान्सिस पुढच्या बाकावर होते. ते शांतपणे म्हणाले की तिने उजव्याच हाताने खूण केली आणि बोटही ती नेहमी सांगते तसेच फिरवले. त्यांनी आत्ताच पाहिले. पाठीमागच्या पुरुषांनी दुजोरा दिला. पलीकडून बायकांनी मावशींना दुजोरा दिला. अंगण दोन भागांत विभागले गेले. कोणी चिडून बोलत नव्हते, पण दोन्ही भागांना पूर्ण खात्री होती.

तेव्हा हिल्डाने चादरीकडे पाहिले, मग प्रोजेक्टरकडे, आणि तिला कळले. आपल्या हातून झालेल्या चुकीचा इतका आनंद तिला कधी झाला नव्हता.

तिने काही समजावले नाही. समजावलेले माणसे ऐकून घेतात; पाहिलेले त्यांच्याजवळ राहते. फिल्म मागे गुंडाळून तिने मावशींना आता इथेच, फ्रान्सिस काकांच्या शेजारी बसायला सांगितले. मावशी बसल्या, पण बाकाच्या टोकावर, आणि पदर आवळून. चित्रातल्या मॅग्डलीनने उजव्या हाताने खूण केली आणि बोट उलटे फिरवले. मावशींनी ते पाहिले. मग हिल्डाने फिल्म चालू असतानाच त्यांना पलीकडे जायला सांगितले. मावशी उठल्या, चादरीला वळसा घालून गेल्या, आणि थोड्या वेळाने परत आल्या.

“एकच आहे,” त्या म्हणाल्या.

“एकच आहे, मावशी. चादर पातळ आहे. तिकडून सगळं आरशातल्यासारखं दिसतं. ही माझी चूक. इथं बसतात कसे ते मला ठाऊक होतं, आणि तरी मी विचार केला नाही.”

मावशींनी चादरीकडे पाहिले. मग त्यांनी तो पहिला भाग, काळ्या रेड्याचा, पुन्हा लावायला सांगितला. तो लागला. त्या बराच वेळ बघत राहिल्या, चष्मा काढून, मग घालून. फक्त यंत्राची टकटक आणि वाऱ्याने चादर फडकण्याचा आवाज.

“त्या दिवशी असंच दिसत होतं,” त्या शेवटी म्हणाल्या. “पाठीमागं सूर्य. मी एकदाच मान वळवून बघितलं. रेडा चर्चकडून काठावरच्या चिंचेकडं चालला होता.”

“ते तू खरंच बघितलंस,” हिल्डा म्हणाली. “त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. फक्त मला सांग, चर्चकडून चिंचेकडं जाताना तो तुझ्या बाजूच्या अंगाला होता की पलीकडच्या? अलीकडच्या असेल तर उलटा. पलीकडच्या असेल तर सुलटा.”

प्रश्न विचारल्यावर हिल्डाने स्वतःला एक गोष्ट निक्षून बजावली: उत्तर सुचवायचे नाही. मावशी चादरीवरची आकृती न्याहाळत होत्या. रेडा डावीकडून उजवीकडे गेला, लहान झाल्यासारखा वाटला, मग मोठा झाल्यासारखा, आणि पुन्हा परतला. त्यांचे बोट मांडीवर, नसलेल्या ताटाच्या कडेवर, एका दिशेने फिरू लागले, थांबले, दुसऱ्या दिशेने फिरले आणि थांबले.

“ते मला सांगता येत नाही,” मॅग्डलीन मावशी म्हणाल्या.

नंदाखालमध्ये हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. पुढच्या रांगेत धर्मा आखडलेला पाय लांब करून बसला होता. त्याने मान वळवून एकदा त्यांच्याकडे आणि एकदा जेम्स उभे होते त्या माडाकडे पाहिले. फर्डिनंड घसा खाकरून म्हणाले की त्यांच्या रहाटाचा अडसरही एका हिवाळ्यात आतून भुसा झालेला निघाला होता, वरून काही कळत नव्हते. जुन्या चार घरांतली माणसे एकमेकांकडे न बघता खाली बघत होती. हिल्डाने त्यातून काही निष्कर्ष काढला नाही. अडसर कुजला होता, हेही आता सिद्ध होणार नव्हते. निकाल मागे घेतला गेला होता, आणि तिने मागितले होते ते एवढेच.

फ्रान्सिस उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश. ते चादरीच्या कडेला गेले, जिथे जेम्स अजून दोरी धरून उभे होते.

“दोरी इकडं दे, जेम्स.”

जेम्सनी लगेच सोडली नाही. “वारा आहे,” ते म्हणाले. “ओढ धरते.”

“धरू दे. अडसर चौघांचा होता,” फ्रान्सिस म्हणाले. “तू जाऊन बस. तू अजून बघितलंच नाहीस.”

दोरी एका हातातून दुसऱ्या हातात जाताना चादर एकदा सैल पडली आणि पुन्हा ताणली गेली. जेम्स प्रकाशात आले आणि घोटाळले. कोणत्या बाजूला बसावे हे त्यांना कळेना. मॅग्डलीन मावशी पुरुषांच्याच बाजूला, बाकाच्या टोकावर बसून होत्या. त्या आत सरकल्या. जागा झाली, तशी ते बसले.

हिल्डाने फिल्म पुन्हा मागे गुंडाळली आणि प्रोजेक्टरचा दिवा लावला. चादरीवर रेड्याचे डोके आले आणि त्याच्या डोळ्यांवर झापड बांधणारे दोन हात. जेम्सनी ते हात ओळखले की नाही, हे प्रोजेक्टरजवळून, त्या उजेडात दिसण्यासारखे नव्हते. म्हणून हिल्डाने त्याबद्दल काही गृहीत धरले नाही.